नावेत दुसरं कोणी नव्हतं

आमच्या बापानं मरताना आम्हा भावंडांसाठी मागं ठेवलं ते एकच, नाव. आम्ही भोई, शेत आमच्या घराला कधी नव्हतंच. पूर्णा नदी गोदावरीला मिळायच्या अलीकडं एक मोठं वळण घेते. त्या वळणावर आमचं गाव आणि गावाखाली आमचा उतारा, म्हणजे नावेनं नदी ओलांडायची जागा. पलीकडच्या गावांतल्या माणसांना पावसाळ्यात पूर्णा गावचा बाजार गाठायचा असो की रेल्वे पकडायची असो, आमच्या नावेतूनच यावं लागे.

माझं लग्न नांदेडकडं झालं होतं. नवरा तापानं गेला आणि सासरच्यांनी मला बैलगाडीत बसवून माहेरी धाडलं. मी दारात उतरले तेव्हा बापानं मला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नदीकडं निघाला, दारात थांबला आणि म्हणाला, "चल, बांबू धर. बसून काय करायलीस?"

तेव्हापासून मी नावेवर होते. बाप मागं सुकाणू धरायचा, माझा थोरला भाऊ मधे वल्हं मारायचा आणि मी पुढं बांबूनं पाण्याचा ठाव घेत उभी असायची. लहानपणी आम्ही दोघं नदीतच वाढलो होतो, त्यामुळं मला ते नवीन नव्हतं. नवीन होतं ते एवढंच, की आता मी पांढऱ्या कपाळानं नावेच्या तोंडाशी उभी राहायची आणि काही बाया चढताना दुसरीकडं बघायच्या. दादाच्या ते लक्षात आलं की तो मोठ्यानं म्हणायचा, "आक्काबाई, नीट बसा. माझी भैन पुढं हाय म्हनून मी निवांत बिडी वढायलोय."

असा होता माझा दादा. घरात आवाज चढवणारा नव्हता. बाजारातून आला की भजी आधी माझ्या हातावर ठेवायचा, मग वैनीच्या. बाप अंथरुणाला खिळला तेव्हा त्यानं आम्हा तिघांना जवळ बोलावलं, मला, दादाला आणि वैनीला. "नाव दोघांची हाय," तो म्हणाला. "येकट्याची न्हाई." दादानं त्याचे पाय धरले आणि म्हणाला, "दोघांचीच, बा."

बाप गेला, दादा सुकाणूवर गेला, मी बांबूही धरू लागले आणि वल्हंही. दोन पावसाळे असे गेले.

तिसऱ्या पावसाळ्यात, भादव्यात, पूर्णेचे एक दुकानदार अप्पा आमच्या उताऱ्यावर आले. स्टेशनाजवळ त्यांचं किराण्याचं मोठं दुकान होतं आणि नदीपलीकडच्या एका गावात शेती. त्या गावात त्यांना पिठाची गिरणी घालायची होती. त्यासाठी मागवलेलं तेलावरचं इंजिन मालगाडीनं पूर्णेला येऊन पडलं होतं. ते त्यांना पलीकडं न्यायचं होतं, तेही लगेच.

दादानं आभाळाकडं बघितलं, मग पाण्याकडं. "अप्पा, आठ-दहा दिस थांबा. गोदावरी भरलीय. आमचं पानी तुंबलंय."

गोदावरीला पूर आला की आमच्या नदीचं पाणी पुढं नीट सरकत नाही. ते जागेवरच फुगत जातं. वरून बघणाऱ्याला वाटतं, नदी शांत आहे. पण खाली दोन पाणी एकमेकांना ढकलत असतात. त्यात वारा सुटला की नावाड्याचं काही चालत नाही. अप्पांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुमी न्हाई म्हनलात तर दुसरे हायेत." आणि त्यांनी गोदावरीकडून एक मोठी रुंद नाव मागवली, दोन नावाड्यांसकट.

ती नाव आमच्याच उताऱ्यावरून निघाली. दुपारची वेळ होती. मधोमध लाकडी ओंडक्यांवर इंजिन बांधलेलं, त्याच्या बाजूला अप्पा आणि त्यांची सून. सुनेचं माहेर पलीकडच्याच गावात होतं. तिच्या कडेला काही महिन्यांचा मुलगा होता. नाव काठ सोडून गेली तेव्हा पाण्यात आणि तिच्या कडांत चार बोटांचंही अंतर दिसत नव्हतं. दादा माझ्याकडं बघून नुसता मान हलवत राहिला.

ती नदीच्या मध्यावर गेली असेल नसेल, पश्चिमेकडून वारा आला. पावसाआधी येतो तसा नाही. अंगावर कोणी घोंगडी टाकावी तसा एकदम. नदीवर लाटा उठल्या. आमच्या नदीवर मी तेवढ्या लाटा त्याआधी बघितल्या नव्हत्या. पाठोपाठ पाऊस आला आणि नाव दिसेनाशी झाली. पुन्हा दिसली तेव्हा ती वळणाच्या खाली होती, बाभळीच्या बनात. उन्हाळ्यात तिथं कोरडं बेट असतं, शेळ्या चरतात. आता नुसते बाभळींचे शेंडे पाण्यावर होते आणि त्यांत ती नाव आडवी अडकली होती. दोन्ही नावाड्यांनी उड्या टाकल्या होत्या. त्यातला एक पलीकडच्या काठाला निघाला, दुसरा पोहत आमच्या काठाला लागला आणि चिखलात पडूनच ओरडला, "भरायलीय! नाव भरायलीय!"

गाव काठावर जमलं. दादा गुडघाभर पाण्यात उभा होता. त्यानं माझ्याकडं वळून विचारलं, "येतीस?"

"चल," मी म्हटलं.

पंधरावीस माणसांनी आमची नाव दोरानं काठाकाठानं वर ओढत नेली. बरंच वर गेल्यावर दोर सोडला आणि आम्ही तिरकं पाणी कापत बाभळींच्या रोखानं निघालो. पहिल्या खेपेला चुकलो. वाऱ्यानं आमचं तोंड फिरवलं आणि आम्ही त्या नावेच्या बाजूनं, हात लांबवला असता तर लागली असती इतक्या जवळून, वाहत खाली गेलो. सुनेचा चेहरा मला दिसला. आम्ही पुढं जातोय हे बघून तिनं तोंड उघडलं, पण आवाज काही ऐकू आला नाही. बरंच खाली जाऊन काठ धरला, लोकांनी पुन्हा आम्हाला वर ओढून नेलं.

दुसऱ्या खेपेला मी दोराचा फास आधीच करून हातात धरला होता. बाभळीचा बुंधा समोर आला तसा टाकला. तो बसला. नावेला असा हिसका बसला की मी काट्यांत जाऊन पडले. दादाला सुकाणू सोडता येत नव्हतं; त्यानं सोडलं असतं तर आम्हीच उलटलो असतो. म्हणून त्या नावेत मी चढले.

आत पाणी मांड्यांपर्यंत होतं. अप्पा इंजिनाला मिठी मारून बसले होते. सून एका हातानं बाभळीची फांदी धरून, दुसऱ्या हातानं लेकरू छातीशी दाबून उभी होती. फांदीच्या काट्यांनी तिचा तळहात फाटला होता.

"लेकरू दे," मी म्हटलं.

ती मान हलवत राहिली.

"बाई, तुला दोनी हात लागतील. दे माज्याकडं. मी न्हाई सोडत."

तिनं दिलं. मी ते पदरानं पाठीला बांधलं, गच्च. ते रडतही नव्हतं, नुसतं थरथरत होतं; ती थरथर मला पाठीवर कळत होती. मग तिला कमरेला धरून आमच्या नावेत ढकललं. अप्पा हलेनात. "इंजिन जाईल, इंजिन जाईल," एवढंच म्हणत होते. दादा तिकडून ओरडला, "अप्पा, आधी जीव! जीव वाचू द्या!" शेवटी मी त्यांच्या बंडीला धरून त्यांना ओढलं.

आम्ही काठाला लागलो तेव्हा बायांनी सुनेला घोंगडीत गुंडाळलं. मी पाठीवरचं लेकरू सोडून तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं माझा हात धरला आणि सोडेना. "आक्का," ती म्हणाली, "हे आता तुमचंच. मरंपरेंत इसरनार न्हाई मी."

मला वाटलं, झालं, सुटलो. मी नाव काठावर ओढायला लागले. तेवढ्यात बघितलं, अप्पा दादाला बाजूला नेऊन काहीतरी सांगत होते. दादा माझ्याकडं आला.

"अप्पा म्हनायलेत, इंजिन काढून दिलं तर वर येलदरीला आपल्या नदीवर धरन व्हायलंय तिथं नावाड्याची नोकरी लावून देतील. सरकारी. त्यांची वळख हाय."

"नको दादा. मानसं आली, पुरे झालं."

"धरन झालं की ह्या उताऱ्याला काय राहनार हाय? पूल होतील, मोटारी येतील. इचार कर."

"पानी बगितलंस का?"

त्यानं पाण्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "तू न्हाई आलीस तर माज्याच्यानं व्हायचं न्हाई."

ते त्यानं म्हटलं म्हणून मी गेले.

काम असं होतं. काठावरच्या मोठ्या चिंचेजवळ बैलजोड्या जुंपून ठेवलेल्या. तिथून जाडजूड सोल, म्हणजे नावेचा दोर, आम्ही त्या अडकलेल्या नावेपर्यंत न्यायचा, तिच्या पुढच्या दांड्याला बांधायचा, तिला अडकवून ठेवणारी बाभळीची फांदी तोडायची आणि मग बैलांनी ओढायचं. भिजलेल्या दोराचं वजन आमच्या नावेला सारखं खाली खेचत होतं. तिथं पोचलो तेव्हा ती नाव एका बाजूनं पाण्याखालीच गेली होती.

मी दांड्याला दोर गुंडाळत होते तेवढ्यात नाव सरकली आणि माझ्या डाव्या हाताची दोन बोटं दोर आणि लाकडाच्या मधे सापडली. माझ्या डोळ्यांसमोर पांढरं झालं. ह्या खेपेला आमची नाव बाभळीच्या बुंध्याला गच्च बांधली होती, म्हणून दादा सुकाणू सोडून कुऱ्हाडीनं फांदी तोडत होता. फांदी तुटली, माझी बोटं सुटली, आणि त्याच हिसक्यानं दादाला दोन नावांच्या मधे खाली नेलं. त्याचा पंजा वर दिसला, मग तोही गेला. मी पालथी पडून हात घातला. बंडी हाताला लागली, ती फाटली. मग केस लागले. ते धरले. त्याला वर काढताना मी काय ओरडत होते ते मला आठवत नाही. काठावरच्या लोकांनी नंतर सांगितलं, मी बापाला हाका मारत होते.

दादा नावेच्या तळाशी पडून पाणी ओकत राहिला. मी बुंध्याचा दोर कापला, उजव्या हातानं वल्हं धरलं आणि डावा कोपर सुकाणूवर दाबून नाव काठाला आणली. आमच्या पुढं बैल त्या मोठ्या नावेला ओढत होते. इंजिन चिखलानं माखून वर आलं तेव्हा लोकांनी आरोळी ठोकली. अप्पा पळत गेले आणि त्याच्यावरचा चिखल आपल्या उपरण्यानं पुसायला लागले.

त्यानंतरच्या दिवसांत माझ्या हाताला पाला बांधला होता. मला जेवता येत नव्हतं असं नाही, उजवा हात चांगला होता, तरी दादा स्वतः भाकरीचा घास मोडून माझ्या तोंडात घालायचा. "तुज्यामुळं मी हाय," असं तो वैनीसमोर म्हणाला. वैनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते खोटं नव्हतं. ते दोघंही तेव्हा खोटं बोलत नव्हते, हे मला आजही वाटतं, आणि म्हणूनच पुढचं मला पचत नाही.

पाणी ओसरल्यावर तालुक्याहून तहसीलदारसाहेब पुराची पाहणी करायला आले. चावडीवर गाव जमलं. निघताना वैनी मला म्हणाली, "तुमी कशाला येताव? हात दुखायलाय, पडून ऱ्हावा." मी तरी गेले. भिंतीच्या कडेला बाया बसल्या होत्या, त्यांच्यात बसले. अप्पांची सूनही माहेराहून लेकराला घेऊन आली होती. माझ्या शेजारीच बसली.

अप्पांनी नवा फेटा बांधला होता. ते उभे राहून सांगू लागले, वारा कसा सुटला, नाव कशी भरली, आणि ह्या भोयानं जिवावर उदार होऊन खेपा कशा केल्या. साहेब कौतुकानं ऐकत होते. मग त्यांनी दादाला पुढं बोलावलं आणि विचारलं, "एवढ्या पाण्यात नाव सांभाळायला सोबत कोण होतं?"

दादानं हात जोडले. त्याची नजर खाली होती.

"कोन न्हाई साहेब. येकलाच व्हतो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी आजूबाजूला बघितलं. अख्खं गाव तिथं होतं. ज्यांनी आमचा दोर ओढला होता ती माणसं होती. कोणी खाकरलं, कोणी पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. कोणी बोललं नाही. अप्पांच्या दुकानातून सगळ्यांनाच मीठ-मिरची आणायची होती. मी शेजारच्या सुनेकडं बघितलं. तिनं आधी सासऱ्याकडं बघितलं, मग लेकरू ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि पदर पुढं ओढला. साहेबांनी दादाची पाठ थोपटली. मी माझा बांधलेला हात पदराखाली घेतला. तो का लपवला, मला माहीत नाही. लाज वाटायला नको होती मला.

संध्याकाळ व्हायच्या आत मी दादाला उताऱ्यावर गाठलं.

"येकलाच व्हतास?"

तो नावेचा दोर उगाच सोडत-बांधत राहिला. "अप्पा म्हनले तसं सांग म्हनून. बाई नावेवर व्हती म्हनलं तर साहेब हासले असते. म्हनले असते, बाईनं केलं ते काम, त्यात काय यवडं? नोकरी हुकली असती."

"नोकरी तुला पायजे व्हती. मला फकस्त खरं पायजे व्हतं."

"खऱ्यानं काय पोट भरतंय का?" तो म्हणाला. मग माझ्याकडं न बघताच, "तुला काय कमी करनार हाय का मी? तू माज्याच घरी ऱ्हानार हाईस."

मी त्याला म्हटलं, "बा काय म्हनला व्हता?" त्यानं दोराला शेवटची गाठ मारली आणि घराकडं निघाला.

दिवाळीनंतर त्याला येलदरीला बोलावणं आलं. तो आणि वैनी सामान बांधायला लागले. मला त्यांनी चल म्हटलं नाही. क्वार्टर एक खोलीचं आहे, असं वैनी म्हणाली. मी म्हटलं, बरं, मी इथंच राहते, नाव चालवते. तेव्हा कळलं, नाव विकली होती. अप्पांना. उताऱ्याचा मक्ता अप्पांनी आपल्या नावावर घेतला होता आणि त्याला नाव लागत होती.

मी पूर्णेला अप्पांच्या दुकानात गेले. "नाव तुमची झाली तर झाली," मी म्हटलं. "पन मला नावेवर ठेवा. हे पानी माज्याइतकं कोनाला ठावं न्हाई." अप्पा मापानं डाळ मोजत होते. ते थांबले नाहीत. "बाईच्या भरवशावर मानसं कशी बसतील?" ते म्हणाले. दुकानाच्या मागच्या दारात त्यांची सून उभी होती. मी बाहेर पडले तशी ती बोळातून पुढं आली आणि माझ्या हातात गुळाचा खडा ठेवून कुजबुजली, "आक्का, मामंजींनी सांगितलंय, गप ऱ्हा म्हनून; मला बोलता येत न्हाई." मी तो खडा तिथल्याच दगडावर ठेवला आणि निघाले.

गावात राहण्यासारखं काही उरलं नव्हतं. पूर्णेला रेल्वेच्या वस्तीत एका डॉक्टरीणबाईंना बाळंतिणींच्या कामाला बाई हवी होती. माझी दोन बोटं वाकडी राहिली होती, तरी त्यांनी ठेवून घेतलं. लिहायला-वाचायला मला त्यांनीच शिकवलं. रिकाम्या वेळी त्या मला पाटी द्यायच्या आणि इंजिनांच्या शिट्ट्या ऐकत मी अक्षरं गिरवायची. मी दुःखात होते असं नाही. काम होतं, खोली होती, माणसं चांगली होती. पण नदीवर मी पुन्हा गेले नाही. उताऱ्याकडून येणारी ओळखीची माणसं बाजारात भेटली की तीच रस्ता बदलायची.

धरणाचं काम भरात आलं होतं तेव्हा दादाचा निरोप आला: मुलाचं जावळ आहे, आत्यानं यायला पाहिजे. मी गेले. परभणीहून जिंतूरची मोटार, पुढं दुसरी. धरणावर हजारो माणसं, दगडांचे ढीग, धूळ. दादा अंगानं भरला होता. खाकी कपडे घालत होता, मजुरांची नाव चालवत होता. मला बघून तो मनापासून हसला. मीही हसले. वाटलं, जाऊ दे, रक्ताचा आहे.

जेवणं झाल्यावर त्याच्या बरोबरीचे लोक बसले होते. त्यातला एक म्हणाला, "त्या पुराचं सांगा की." दादानं सुपारी कातरली आणि सुरुवात केली. वारा, लाटा, पहिली चुकलेली खेप. तो चांगलं सांगायचा. मी भांडी गोळा करत ऐकत होते. मग तो म्हणाला, "सून काय लेकरू देईना. मी म्हनलं, बाई, तुला दोनी हात लागतील. दे माज्याकडं, मी न्हाई सोडत. आन् घेतलं ते लेकरू, पाठीला बांदलं. आसं थरथरायलं व्हतं हितं," आणि त्यानं मागं हात नेऊन आपली पाठ दाखवली.

माझ्या हातातली ताटं मी खाली ठेवली. ते शब्द माझे होते. ती पाठ माझी होती. नोकरीसाठी एकला म्हणाला, ते मी कसंबसं गिळलं होतं. हे नाही गिळता आलं.

मी पिशवी घेतली आणि मोटारीच्या थांब्याकडं चालायला लागले. दादा मागून पळत आला, धापा टाकत. "काय झालं? कामून निघालीस? मुक्काम तर कर."

"दादा," मी विचारलं, "लेकरू कोनाच्या पाठीवर व्हतं?"

तो थांबला. कपाळावर आठ्या घालून त्यानं आठवल्यासारखं केलं. मला वाटलं होतं, तो नजर चुकवेल. चुकवली असती तर बरं झालं असतं. त्यानं सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं आणि निर्मळपणे म्हणाला, "माज्याच की. आनि कोनाच्या?"

तो खोटं बोलत नव्हता. इतक्या वेळा सांगून सांगून त्याला ते तसंच आठवायला लागलं होतं. माझ्यापाशी भांडायलाही काही उरलं नाही. मोटार आली, मी चढले. तो खिडकीशी उभा राहून वैनीनं बांधून दिलेल्या पुरणपोळ्या आत सरकवत होता आणि "जपून जा," म्हणत होता.

पुढं तो जिवंत होता तोवर भाऊबीजेला पूर्णेला यायचा. मी पाट मांडायची, करंज्या करायची, त्याच्या पोरांची चौकशी करायची. पावसापाण्याचं बोलायचो. नदीचा विषय मी काढला नाही, त्यानंही नाही. ओवाळताना मात्र मी त्याच्या तोंडाकडं बघायची नाही. ताटातल्या दिव्याकडं बघून हात फिरवायची, आणि त्याला ते कधी कळलं असेल असं मला वाटत नाही.